वाचकांचे प्रश्न : राजदूताच्या हातातला निरोप

‘राजदूतांनी आपल्या पंतप्रधानांचा निरोप अमुक देशाच्या अध्यक्षांना पोहोचवला’ ही बातमी एका ओळीत संपते. ती ओळ प्रत्यक्षात कशी घडते, कुठे अडते आणि कधी फसते, असे विचारणारी पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : राजदूत हा आपल्या राष्ट्रप्रमुखाचा प्रतिनिधी. मग त्याने सरळ अध्यक्षांच्या कार्यालयात फोन करून वेळ का घेऊ नये? मध्ये परराष्ट्र मंत्रालय कशाला?

उत्तर : फोन करता येतो आणि जाणते राजदूत तो करतातही, पण नुसत्या फोनवर भागत नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे ४१ वे कलम सांगते, की दूतावासाने आपले सगळे अधिकृत काम यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत करावे. दुसरे एखादे मंत्रालय चालणार असेल तर ते दोन्ही देशांत ठरलेले असावे. मंत्रालयाला वळसा घालून एखादी भेट मिळेलही. पण राजदूताची पुढची दहा कामे त्याच मंत्रालयात अडकलेली असतात आणि डावलले गेल्याचे तिथले अधिकारी विसरत नाहीत. शिवाय अध्यक्षांचे कार्यालय बहुतेक वेळा परराष्ट्र मंत्रालयालाच विचारते : हे कशासाठी येताहेत? तिकडून ‘आम्हाला कल्पना नाही’ असे उत्तर आले की वेळ पुढे ढकलली जाते.

म्हणून दोन विनंत्या एकाच वेळी जाव्यात. शिष्टाचार विभागाला ‘नोट व्हर्बाल’, म्हणजे तृतीय पुरुषात लिहिलेले, सहीऐवजी आद्याक्षरे आणि दूतावासाचा शिक्का असलेले पत्र. आणि अध्यक्षांच्या खासगी सचिवाला किंवा परराष्ट्र धोरणाच्या सल्लागाराला फोन. हा फोन केल्याचे मंत्रालयाला स्वतःहून कळवावे. दोन्हीकडे एकच वाक्य सांगावे : आमच्या पंतप्रधानांचा व्यक्तिगत निरोप आहे, अमुक विषयावर आहे, अमुक वेळेच्या आत द्यायचा आहे. मजकूर सांगू नये, विषय मात्र सांगावा. विषयही झाकून ठेवला तर समोरच्या अधिकाऱ्याला वरिष्ठांच्या दिनक्रमात जागा मागायला काही आधारच उरत नाही.

अधिकारपत्राचाही, म्हणजे राजदूताने नेमणुकीचा पुरावा म्हणून यजमान राष्ट्रप्रमुखाला द्यायच्या पत्राचाही, एक अडथळा असतो. नवा राजदूत येतो, पण अधिकारपत्र सादर करण्याचा समारंभ अनेक राजधान्यांत चार-पाच राजदूतांसाठी एकत्र होतो आणि तोवर आठवडे जातात. कराराच्या १३ व्या कलमानुसार काही देश अधिकारपत्राची नक्कल मंत्रालयात दिल्यावरही कामाला मान्यता देतात, पण अध्यक्षांची दारे सहसा समारंभानंतरच उघडतात. त्या मधल्या काळात निरोप आला तर तो परराष्ट्रमंत्र्यांकडे देणे हाच शहाणपणाचा मार्ग. राजदूत नसताना काम पाहणाऱ्या प्रभारी अधिकाऱ्यालाही तोच रस्ता.

प्रश्न : रात्री उशिरा राजधानीतून तातडीची तार आली, तर पहिल्या काही तासांत दूतावासात नेमके काय करायचे असते?

उत्तर : आधी तार पूर्ण आली आहे का ते पाहायचे. लांब तारा क्रमांक टाकून तुकड्यांत येतात; एक तुकडा राहिला तर उरलेला मजकूर उलट्या अर्थाचा होऊ शकतो. सांकेतिक मजकूर उलगडल्यावर आकडे, तारखा, नावे आणि ‘नाही’, ‘तोपर्यंत’, ‘अन्यथा’ असे वाक्य फिरवणारे शब्द दोघांनी मोठ्याने वाचून ताडावेत. शंका आली तर तेवढा भाग पुन्हा मागवावा. अंदाजाने शब्द भरायचा नाही, कितीही घाई असली तरी.

मग सूचना वाचायच्या. निरोप कोणाला द्यायचा? कधीपर्यंत, आणि ती वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाची? कागद हातात ठेवायचा की फक्त वाचून दाखवायचा? उलट प्रश्न आले तर किती बोलायचे? आणि नेत्याची भेट मिळालीच नाही तर खाली कोणापर्यंत उतरायची मुभा आहे? हा शेवटचा मुद्दा राजधानीतले लोक हमखास लिहायचे विसरतात. तो त्याच मिनिटाला विचारून घ्यावा, कारण पहाटे नकार आल्यावर विचारायला बसले तर उत्तर यायला दुपार होते.

भेटीची वेळ मागायला मजकूर तयार होण्याची वाट पाहायची नाही. पण वेळ मागताना टंकलेखन, भाषांतर आणि तपासणी यांचे तास मोजूनच मागायची. एका पानाच्या काटेकोर भाषांतराला कसलेल्या माणसालाही तपासणीसकट तासभर लागतो.

या सगळ्यात काय बिघडते हे पाहायला डिसेंबर १९४१ मधली एक रात्र पुरेशी आहे, कारण त्या रात्री दोन निरोप विरुद्ध दिशांनी निघाले आणि दोन्ही अडकले.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानच्या सम्राटांना लिहिलेला निरोप ६ डिसेंबरला रात्री ९ च्या सुमारास वॉशिंग्टनहून टोकियोतले राजदूत जोसेफ ग्रू यांच्या नावे निघाला. वेळ वाचावा म्हणून रूझवेल्ट यांनी तो अगदी साध्या सांकेतिक लिपीत पाठवायला सांगितले. वाटेत कोणी वाचला तरी त्यांची हरकत नव्हती. टोकियोत तो ७ तारखेच्या दुपारी १२ च्या सुमारास पोहोचला. पण परदेशी तारा काही तास अडवून ठेवण्याचा हुकूम तारघराला होता, त्यामुळे दूतावासाच्या हातात तो रात्री साडेदहाला पडला. ग्रू यांनी त्यापुढे फारसा वेळ दवडला नाही. उलगडा होत असतानाच परराष्ट्रमंत्री टोगो यांची वेळ मागितली गेली, मध्यरात्री सव्वाबाराच्या सुमारास ग्रू त्यांच्या निवासस्थानी होते. त्यांनी सम्राटांची प्रत्यक्ष भेट मागितली, निरोप मोठ्याने वाचला आणि प्रत हातात दिली. टोगो पहाटे ३ च्या सुमारास सम्राटांपुढे पोहोचले. टोकियोच्या घड्याळात सव्वातीन वाजून गेले तेव्हा पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर जपानी बॉम्ब पडू लागले होते.

दुसरा निरोप जपानचा. चौदा भागांचा खलिता, आणि तो अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना ७ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या वेळेने बरोबर दुपारी १ वाजता द्यावा अशी सूचना. पहिले तेरा भाग आदल्या रात्रीपर्यंत आले होते, चौदावा सकाळी आला. गुप्ततेसाठी नेहमीच्या टंकलेखकांना लावायचे नाही असाही आदेश होता, म्हणून एक वरिष्ठ अधिकारी स्वतः टंकलेखन करत बसले. राजदूत नोमुरा यांनी १ ची वेळ मागून घेतली होती, ती पावणेदोनपर्यंत पुढे ढकलावी लागली. ते आणि जपानचे विशेष दूत कुरुसू दोन वाजून पाच मिनिटांनी पोहोचले, परराष्ट्रमंत्री हल यांच्यासमोर दोन वाजून वीस मिनिटांनी गेले. हल्ला एक तास आधी सुरू झाला होता.

ग्रू यांच्या हातात तार उशिरा आली, तिथे राजदूताचा इलाज नव्हता. नोमुरांच्या दूतावासात मात्र आलेले तेरा भाग रात्रीच स्वच्छ टंकित करून ठेवता आले असते. वेळ ठरलेली आणि मजकूर लांब असेल, तर आलेला भाग त्याच क्षणी तयार करायला घ्यायचा, हा धडा आजही दूतावासांत शिकवण्याजोगा आहे.

प्रश्न : पत्र, तोंडी निरोप, ‘नॉन-पेपर’ यांत फरक काय?

उत्तर : फरक जबाबदारीचा आहे. सहीचे पत्र म्हणजे नेत्याचा स्वतःचा शब्द. तो मागे घेता येत नाही. मूळ पत्र बंद लिफाफ्यात असते आणि सोबत एक उघडी नक्कल देतात, म्हणजे कार्यालयातले लोक लिफाफा न फोडता भाषांतराला लागू शकतात. मूळ प्रत राजनैतिक टपालाच्या पिशवीतून यायला दिवस लागतात. म्हणून तातडीत राजदूत तारेने आलेला मजकूर स्वतःच्या सहीच्या छोट्या पत्रासोबत देतो आणि त्यात लिहितो की मूळ प्रत मागाहून येत आहे.

‘एद-मेम्वार’ म्हणजे तोंडी बोललेल्याचे टिपण. ते विसर पडू नये म्हणून मागे ठेवतात. ‘नॉन-पेपर’वर शीर्षक नसते, सही नसते, बहुधा तारीखही नसते. त्यातली कल्पना समोरच्याला पटली नाही तर ती कोणी मांडलीच नव्हती असे दोघांनाही म्हणता येते. नुसता तोंडी निरोप सर्वांत लवचिक आणि सर्वांत धोक्याचा, कारण ऐकणाऱ्याची टिपणे हाच त्याचा एकमेव पुरावा.

प्रश्न : नेते भेटायलाच तयार नसतील, तर राजदूताने थांबावे की दुसऱ्या कोणाकडे निरोप द्यावा?

उत्तर : थांबू नये. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मॉस्कोतले आहे. ३ एप्रिल १९४१ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी मॉस्कोतले ब्रिटिश राजदूत स्टॅफर्ड क्रिप्स यांच्याकडे स्टालिनसाठी एक छोटा निरोप पाठवला. आशय असा, की युगोस्लाव्हिया जाळ्यात आला असे वाटताच जर्मनांनी रुमानियातल्या पाच चिलखती डिव्हिजनपैकी तीन सोव्हिएत सीमेकडच्या दक्षिण पोलंडकडे हलवायला घेतल्या आणि युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडमध्ये उठाव होताच ती हालचाल थांबवली. म्हणजे जर्मनीचा रोख कुठे आहे ते ओळखा. निरोप राजदूताने स्वतः स्टालिनच्या हाती द्यावा, अशी अट होती.

अट हीच अडचण ठरली. स्टालिन त्या वेळी कागदोपत्री सरकारप्रमुख नव्हते. ते पद त्यांनी ६ मे १९४१ ला घेतले. तोवर सरकारप्रमुखही मोलोटोव्ह आणि परराष्ट्र खातेही मोलोटोव्ह यांच्याकडे. पक्षाच्या सरचिटणीसाची भेट मागण्याचा राजदूताला काही रीतसर हक्क नव्हता. क्रिप्स जुलै १९४० मध्ये स्टालिनना भेटले होते हे खरे, पण आता हवा बदलली होती. त्यातच क्रिप्स यांनी त्याच सुमारास उपपरराष्ट्रमंत्री विशिन्स्की यांना याच धोक्याविषयी स्वतःचे लांब पत्र दिले होते, आणि त्यामागोमाग तुटक वाटणारा हा निरोप दिला तर परिणाम कमी होईल असे त्यांनी लंडनला कळवले. लंडनने पुन्हा सांगितल्यावर १९ एप्रिलला निरोप विशिन्स्की यांच्या हाती गेला आणि तो स्टालिनपर्यंत पोहोचल्याचे विशिन्स्की यांनी २३ तारखेला लेखी कळवले. निघाल्यापासून वीस दिवस. २२ जूनला जर्मन सैन्याने हल्ला केला. निरोप वेळेवर गेला असता तर स्टालिननी तो मानला असता असे म्हणायला आधार नाही. त्यांनी इतरांचे इशारेही बाजूला सारले होते. पण वीस दिवस गेले ते स्टालिनमुळे नव्हे.

राजदूताचे मत वेगळे असू शकते आणि ते त्याने कळवलेच पाहिजे. मात्र मत कळवणे आणि निरोप अडवणे या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. तार मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत ‘भेट मिळत नाही, अमुक एका व्यक्तीमार्फत द्यायला परवानगी द्या’ असे राजधानीला स्पष्ट विचारावे. आणि खाली उतरताना पायरी कोणती हे पदावरून ठरवू नये. परराष्ट्रमंत्री पदाने मोठे असतील, पण नेत्याच्या टेबलावर रोज सकाळी कागद ठेवणारा सल्लागार किंवा खासगी सचिव दुसराच असेल, तर मूळ प्रत मंत्र्यांना आणि नक्कल त्या माणसाला, दोन्ही त्याच दिवशी द्यावे.

प्रश्न : दुभाषा कोणाचा असावा? यजमानांचा चालतो का?

उत्तर : आपला न्यावा. रीत अशी, की प्रत्येक बाजूचा दुभाषा आपल्या माणसाचे बोलणे समोरच्याच्या भाषेत आणतो. म्हणजे निरोपाचे शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून जातात. निघण्यापूर्वी त्याला मजकूर द्यावा आणि कठीण शब्दांचे पर्याय आधीच ठरवावेत. भाषांतराची लेखी प्रत द्यायची असेल तर वर ‘अनधिकृत भाषांतर’ लिहावे. वाद झाला तर मूळ भाषेतला मजकूर धरला जातो.

तिसरा माणूस फक्त टिपणे घेणारा असावा. राजदूताने स्वतः टिपणे घ्यायला लागू नये, त्याने चेहरा पाहावा. सूचनेतले बोलताना ‘माझ्या सरकारने मला सांगायला सांगितले आहे’ असे म्हणावे, आणि स्वतःचे काही जोडायचे असेल तर तसे सांगून जोडावे. मोठमोठे गैरसमज इथेच जन्म घेतात : राजदूताने भेट मऊ करायला घातलेले एखादे वाक्य समोरचा सरकारची सवलत म्हणून लिहून घेतो. मुख्य वाक्य दोनदा, त्याच शब्दांत म्हणावे.

प्रश्न : समोरच्याने कागद घ्यायलाच नकार दिला तर?

उत्तर : वाचून दाखवावा, नकाराची वेळ आणि शब्द टिपून घ्यावेत. घेतलेले पत्र दुसऱ्या दिवशी ‘स्वीकारता येत नाही’ म्हणून परत येऊ शकते. तरी मजकूर कळलेला असतो, तेवढे काम झालेले असते.

नकाराचा सौम्य प्रकार म्हणजे खालच्या माणसाला पुढे करणे. ३ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी ९ वाजता ब्रिटिश राजदूत हेंडरसन बर्लिनच्या परराष्ट्र कार्यालयात निर्वाणीचा खलिता घेऊन गेले, तेव्हा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांनी स्वतः न येता दुभाषे पॉल श्मिट यांना पुढे केले. हेंडरसन यांनी वाद घातला नाही. उभ्याने खलिता वाचला, दिला आणि निघाले. श्मिट तो घेऊन थेट हिटलरकडे गेले. मुदत ११ वाजता संपणार होती. तिथे मानापमानात अर्धा तास घालवणे म्हणजे मुदतीलाच अर्थ न उरणे. निरोप नेणारा माणूस नेत्याच्या खोलीत जातो का, हे पाहायचे.

प्रश्न : ज्या देशाशी राजनैतिक संबंधच नाहीत, तिथल्या नेत्याला निरोप कसा जातो?

उत्तर : तिसऱ्याच्या हातून. कराराच्या ४५ व्या कलमात संबंध तुटल्यावर हितसंबंध सांभाळणारा तिसरा देश नेमण्याची सोय आहे. इराणमध्ये १९८० पासून अमेरिकेच्या वतीने हे काम स्वित्झर्लंडचा दूतावास करतो.

तिसऱ्या देशाची खरी अडचण विश्वासाची असते. २ आणि ३ ऑक्टोबर १९५० मधल्या रात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्रीनंतर बोलावून घेतले आणि सांगितले, की अमेरिकी सैन्याने कोरियात उत्तर आणि दक्षिण भाग विभागणारी ३८ वी समांतर रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. निरोप काही तासांत दिल्लीमार्गे लंडन आणि वॉशिंग्टनला पोहोचला. वेळेत, आणि अर्थ न बदलता. तरी वॉशिंग्टनने तो गंभीरपणे घेतला नाही, कारण पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असे तिथे मानले जात होते. काही दिवसांत अमेरिकी तुकड्या रेषा ओलांडून गेल्या आणि १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडू लागले.

अशा वेळी दुसरा मार्गही जोडीला लागतो, म्हणजे तोच निरोप वेगळ्या माणसाकडून, त्याच शब्दांत. आणि मधल्या देशाने शब्दाला हात लावू नये. १९७० मध्ये पाकिस्तानमार्फत वॉशिंग्टन आणि पेकिंग (आजचे बीजिंग) यांच्यात निरोप गेले, तेव्हा पाकिस्तानचे राजदूत हिलाली चौ एन-लाय यांचा मजकूर अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर यांना सावकाश वाचून दाखवत आणि किसिंजर तो लिहून घेत. अमेरिकेचे उत्तर साध्या कागदावर टंकित असे. शीर्षक नाही, सही नाही.

प्रश्न : निरोप खरोखर पोहोचला हे कसे कळते?

उत्तर : विचारून. ‘नक्की सांगतो त्यांना’ ही पोहोच नव्हे. दुसऱ्या दिवशी त्या सल्लागाराला फोन करून कधी दिला आणि पूर्ण दिला का, असे सरळ विचारावे; सांगणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. सारांश करून दिला असे कळले तर पूर्ण मजकूर पुन्हा पाठवावा. पुढच्या भेटीत किंवा भाषणात निरोपातला एखादा शब्दप्रयोग परत आला, तर ती सर्वांत भक्कम खूण.

राजधानीला कळवताना भेटीनंतर तास-दोन तासांत छोटी तार : कोणाला, कुठे, किती वाजता दिला, हजर कोण होते, मिळालेले उत्तर शब्दशः. सविस्तर अहवाल मागाहून. राजदूताचे मत वेगळ्या परिच्छेदात, तसे लिहून. समोरच्याचे शब्द आणि आपला अंदाज एका वाक्यात मिसळले की राजधानीत दोन्ही एकच समजून वाचले जातात.

प्रश्न : आता नेते एकमेकांना थेट फोन करतात. मग राजदूताचे हे काम उरले आहे का?

उत्तर : उरले आहे, त्याचे रूप बदलले आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे लांब पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून भाषांतर होऊन, सांकेतिक लिपीत, तुकड्यांनी वॉशिंग्टनला पोहोचायला जवळजवळ १२ तास लागले. २८ ऑक्टोबरचे त्यांचे उत्तर तर वेळ वाचवायला मॉस्को रेडिओवरूनच वाचले गेले. त्यातूनच ऑगस्ट १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांना थेट जोडणारी हॉटलाइन सुरू झाली. ती टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती. प्रत्येक बाजू आपल्या भाषेत लिही आणि भाषांतर घेणाऱ्याकडे होई. बोलण्यात घाई होते आणि दुभाष्याच्या एका शब्दावर गोष्टी फिरतात, म्हणून जाणूनबुजून लेखी मार्ग निवडला होता.

आजच्या फोनभेटीचीही वेळ, विषय आणि दुभाषे दोन्हीकडचे दूतावास आणि नेत्यांची कार्यालये मिळून ठरवतात. फोन झाल्यावर दोन्ही बाजूंची निवेदने बहुतेकदा जुळत नाहीत. मग राजदूत सल्लागाराकडे जाऊन मुद्दे एकेक करून ताडतो. नेत्याने फोनवर काही आश्वासन दिले असेल तर त्याचे सहीचे पत्र पुढच्या पिशवीतून येते. ते शिष्टाचार विभागात देताना सोबतच्या टिपणात फोनची तारीख आणि वेळ लिहायला विसरू नये, कारण पुढे दोन्ही देशांच्या दफ्तरांत ते पत्र त्या बोलण्याला त्या एका ओळीनेच जोडले जाते.